सात वेळा उडालेला कावळा

पत्र आलं तेव्हा अर्जुन एका वाफेच्या नळाचं वळण काढत होता. पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात चहाच्या सुमाराला टपाल वाटलं जाई. शिपायानं पाकीट टेबलाच्या कडेला ठेवलं. त्यावर पुण्याच्या एका हौशी चित्रपट मंडळाचा शिक्का होता. अर्जुननं ते डाव्या हातानंच फोडलं, कारण उजव्या हातातली शाईची लेखणी खाली ठेवण्याइतकाही धीर त्याच्यापाशी नव्हता. आपला 'आबा' हा लघुपट स्पर्धेच्या अंतिम फेरीसाठी निवडला आहे, येत्या रविवारी दुपारी चार वाजता महोत्सवात तो दाखवला जाईल, परीक्षकांना कावळ्याची दृश्ये विशेष परिणामकारक वाटली. एवढंच लिहिलं होतं. लेखणीतून एक थेंब सुटला आणि नळाच्या ऐन वळणावर पसरला. शेजारच्या टेबलावरच्या यशवंतरावांना दुसऱ्याच्या टपालात अतोनात रस. मान लांब करून ते म्हणाले, "काय राव, घरी सगळं ठीक ना?" "ठीक आहे. माझा सिनेमा निवडलाय," अर्जुन म्हणाला. "मग तोंड असं काय केलंय?" त्यानं डागावर टिपकागद दाबून धरला. वर्षभर ज्याची वाट पाहिली ते हातात पडलं होतं. पण आता रंभा येते म्हणेल. रंभा म्हणजे त्याची धाकटी बहीण, नदीपलीकडे निघोज्याला दिलेली. ती कावळ्याची दृश्यं तिनं पाहू नयेत, एवढी एकच गोष्ट या जगात अर्जुनला हवी होती. एकच म्हणणंही तसं खोटं. त्याला बक्षीसही हवं होतं.

कॅमेरा कारखान्याचा. बांधकाम चाललं होतं तेव्हा त्याची हलती चित्रं काढून वर पाठवायला म्हणून तो आणला होता. कारखाना उभा राहिला, चित्रं काढणारे साहेब आपल्या देशी निघून गेले, आणि फिल्मच्या उरलेल्या रोळांसकट तो अर्जुनच्या कपाटात आला. तुमचा हात चित्राचा आहे, तुम्हीच सांभाळा, असं वरिष्ठांनी सांगितलं. किल्लीचा कॅमेरा होता. किल्ली पिळायची, बटण दाबायचं, की अर्धा मिनिट तो घरघर करत चालायचा आणि थांबायचा. मग पुन्हा पिळायची. त्याच सुमाराला वर्तमानपत्रात स्पर्धेची सूचना आली: विषय आपलं गाव आणि आपली माणसं, लांबी बारा मिनिटांच्या आत, बोलपट नको. अर्जुननं सगळा मार्गशीर्ष चिखलीच्या मळ्यात घालवला, म्हणजे कारखान्याच्या सुट्टीचे दिवस आणि सकाळचे तास. चित्रात आबा, म्हणजे अर्जुनचे वडील दौलतराव. आबा विहिरीवर तोंड धुताहेत, आबा कोयत्याला धार लावताहेत, आबा नुसतेच बांधावर बसलेत. नोकरीला जाणाऱ्या मुलाकडे दौलतराव एरवी परगावच्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत. कॅमेरा आल्यापासून जरा मोकळे झाले होते. "माझ्या थोबाडात काय बघतोस? बैलाचं काढ," असं म्हणत आणि तरी पटक्याचं टोक सारखं करत. पहिले चार दिवस घरघर सुरू झाली की त्यांचा हात जागीच थांबायचा. बैलसुद्धा कान टवकारायचे. आबांना सवय झाली, बैलांना काही झाली नाही. पौषात आबांच्या छातीत सर्दी उतरली आणि चार दिवसांत ते गेले. तिरडी वेशीबाहेर पडताना अर्जुनच्या मनात आलं, चित्रपटाला शेवट मिळाला. आपण असं काही ठरवून म्हणालो नव्हतो, ते आपोआप आलं, असं तो स्वतःला पुढं कितीतरी वेळा सांगत राहिला. सांगून त्याची लाज तसूभरही कमी झाली नाही.

आबा गेले तेव्हा रंभाशी त्यांचं बोलणं बंद होतं. रंभा सातवीची फायनल पास झाली होती आणि मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी पुण्याला जायचं तिच्या मनात होतं. फॉर्म अर्जुननंच आणून दिला होता. आणि आबांनी निघोज्याच्या मारुतरावांना शब्द देऊन ठेवला होता, त्यांच्या दत्तोबासाठी, ज्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती. जेवताना विषय निघाला. रंभा भाकरी वाढता वाढता म्हणाली, "आबा, मी न्हाई जानार थितं." बस, तेवढंच. आबांनी ताट सारलं नाही, आवाज चढवला नाही. जेवण पुरं केलं, आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलले नाहीत. पाणी हवं असलं तर सुनेला सांगत, "सावित्री, तिला म्हनावं तांब्या ठेव." दोन महिने. त्या दोन महिन्यांत अर्जुन बहिणीला म्हणत होता, "तू पुस्तकं भरून ठेव. आबांना मी सांगतो." आणि सांगत नव्हता. त्याचं कारण इतकं क्षुल्लक होतं की ते आठवलं की त्याला जेवण जात नसे. आबांची मर्जी बिघडली तर ते कॅमेऱ्यापुढं उभे राहायचे नाहीत. विहिरीवरचं चित्र अजून व्हायचं होतं. विहीर झाली, मग म्हटलं मोट होऊ दे. मोट झाली, मग आबा अंथरुणाला लागले.

दहावा इंद्रायणीच्या काठावर झाला. थोरला मुलगा म्हणून सगळं अर्जुननंच केलं. डोक्याचा गोटा, अंगावर ओलं धोतर, हातात दर्भ. पिंड मांडून झाला, माणसं मागं सरली, आणि अर्जुननं सावित्रीच्या हातातल्या पिशवीतून कॅमेरा काढला. थोडी कुजबुज झाली. तो म्हणाला, "आबांची आठवण राहील." पुष्कळांना वाटलं, कारखान्याचंच काहीतरी काम असेल. करंजाच्या झाडावर कावळे होते. त्यातला एक वाळूवर उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला. अर्जुननं बटण दाबलं. कावळा उडाला. पुन्हा आला, पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा आबांचे थोरले भाऊ सोनबातात्या हात जोडून पुढं झाले. "दौलू, कशात जीव गुतलाय तुजा? वरचा मळा आमी इकनार न्हाई. सबूद देतो." कावळा आला. घरघर. उडाला. चौथ्यांदा अर्जुनला कळलं. तो किल्ली पिळत असे तेवढ्या वेळात कावळा अंगावर येईल इतका धीट होई आणि बटण दाबलं की जाई. घरघर काय इतरांच्या कानांवर पडत नव्हती? पडत होती. पण दहाव्याला कावळा का शिवत नाही याचं कारण माणसं यंत्रात शोधत नाहीत. ती गेलेल्याच्या मनात शोधतात, आणि तिथं नाही सापडलं तर आपल्या मनात. तात्यांनी बैलही विकणार नसल्याची हमी दिली. कुणी म्हणालं, गुळाचा खडा ठेवा. अर्जुनला एवढंच करायचं होतं की हातातली वस्तू पिशवीत ठेवायची. त्यानं ठरवलंही होतं की आता ठेवू. पण चोच पिंडाला लागतानाचं चित्र अजून मिळालं नव्हतं. एकदाच आणखी, असं म्हणत तो दोन पावलं पुढं सरकला. पाचव्यांदा. सहाव्यांदा. सातव्यांदा कावळा उडाला तो करंजाच्या पार शेंड्यावर जाऊन बसला, आणि काठावरची सगळी माणसं रंभाकडे बघायला लागली.

तात्या म्हणाले, "बघ, पोरी." रंभा पुढं आली. उन्हानं तिचा चेहरा अर्धा उजळला होता. ते चित्र अतिशय चांगलं होतं. अर्जुननं कॅमेरा तिच्याकडे वळवला. "आबा," ती म्हणाली, "तुमचा सबूद मी मोडत न्हाई. निघोज्याला जाते मी." तिचं वाक्य पुरं होण्याआधीच रोळ संपला. आतून टक् असा आवाज झाला, अर्जुननं बटणावरचं बोट काढलं, कॅमेरा खाली केला. काठावर नदीखेरीज कशाचाही आवाज उरला नाही. एक सोडून दोन कावळे उतरले आणि पिंडाला शिवले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. रंभानं मान वळवून भावाकडे पाहिलं. त्या नजरेत दुःख होतं आणि एक प्रकारची सुटकाही होती. आबा बोलले होते. दोन महिन्यांनी का होईना, तिच्याशी बोलले होते. अर्जुनला त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. पिशवीत दुसरा रोळ होता, तो घालावा का, असा विचार तो करत होता.

लग्न वर्षाच्या आत करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून वैशाखातच उरकलं. दत्तोबा वाईट म्हणावा तर तसाही नव्हता. कष्टाळू होता, व्यसन नव्हतं, फक्त हात सैल होता. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात रंभा पुड्याचा कागद वाचत चुलीपाशी बसली आणि दूध उतू गेलं, म्हणून त्यानं एक लगावली. तेव्हापासून रंभाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. ती तक्रार करत नसे. माहेरी आली की नुसती म्हणायची, "दादा, उजवीकडनं बोल." अर्जुन उजवीकडे जाई आणि पिकापाण्याचं बोलत बसे. ट्रेनिंगचा फॉर्म त्याच्या टेबलाच्या खणात होता, अर्धा भरलेला, तिच्या अक्षरात. त्याच टेबलावर त्यानं श्रावणात स्पर्धेचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक रकाना होता: चित्रणात आलेल्या अडचणी. ड्रॉइंगच्या सुबक अक्षरात अर्जुननं लिहिलं, 'कॅमेऱ्याच्या आवाजाने कावळा सात वेळा उडाला. तरी चिकाटी सोडली नाही.' बायकोला सांगितलं नव्हतं, तात्यांना सांगितलं नव्हतं, जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ओळख ना पाळख अशा चार परीक्षकांना मात्र त्यानं ते सांगून टाकलं, कारण त्यानं गुण वाढण्यासारखे होते. लिहिल्यावर त्याला हलकंही वाटलं. या गोष्टीची त्याला नंतर फार किळस आली.

रविवारची बातमी सावित्रीनं बाजारात निघोज्याच्या बाईपाशी बोलून टाकली आणि दोन दिवसांत निरोप आला: आबा हालतात म्हनं त्यात, मला बघायचं हाय. घरात आबांचा एक फोटोसुद्धा नव्हता. सावित्री म्हणाली, "वन्संना न्याच. न्हाई म्हनू नका. त्यांच्या वाट्याला दुसरं काय येतंय?" अर्जुननं बुधवारी मंडळाला पत्र लिहिलं, की काही घरगुती कारणानं मी माझा लघुपट मागं घेत आहे. ते खिशात ठेवलं. गुरुवारी पोस्टावरून दोनदा गेला. शनिवारी ते घामानं मऊ झालेलं हाताला लागलं तेव्हा त्यानं फाडून टाकलं आणि ठरवलं, आपण तिला आधीच सांगू, वाटेत. सांगायचं वाक्यही त्यानं तयार केलं. रंभे, त्या दिवशी माझ्यामुळं कावळा उडत होता. सोपं वाक्य होतं, मराठी दुसरीतल्या पोराला लिहिता आलं असतं. पण ते बोलल्यावर पुढं काय? लग्न मोडायचं आहे का? कान परत येणार आहे का? आबा तिच्याशी बोलले एवढा एक आधार तिच्यापाशी आहे, तोही काढून घ्यायचा का? असे प्रश्न तो स्वतःला विचारी आणि प्रत्येकाचं उत्तर गप्प बसावं असंच येई. इतकी सोयीची उत्तरं खरी कशी असतील, हेही त्याला कळत होतं.

रविवारी ती सकाळीच नदी ओलांडून आली. लग्नातलं लुगडं नेसली होती. बसमध्ये खिडकीशी बसून कारखान्याच्या भिंती, रेल्वेचे रूळ, खडकीच्या बराकी असं सगळं डोळे भरून बघत होती. लग्नानंतर ती पहिल्यांदाच पुण्याला चालली होती, जिथं खरं म्हणजे तिनं दोन वर्षं राहायचं होतं. "आबा हसत्यात का रं त्यात?" तिनं विचारलं. "एकदा. मोटेपाशी." "माज्याशी बोलणं टाकलं व्हतं तवाचं का?" "व्हय, तवाचंच." तिनं मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "शेवटी बोलले पर. कावळा शिवला तवा मला वाटलं, आबांनी डोक्यावं हात ठिवला. थितं कदी लई झालं ना दादा, की मी त्येच आठवते. आबांसाठी आलीया, म्हनते." दापोडीचा पूल गेला. अर्जुननं तोंड उघडलं आणि विचारलं, "तहान लागलीय का?"

कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. खिडक्यांना काळे पडदे, समोर पांढरा कापडी पडदा, आणि मागच्या बाजूला मधोमध एका उंच टेबलावर प्रोजेक्टर. पहिला लघुपट लागायच्या आधी प्रोजेक्टरवाल्यानं यंत्र चालवून पाहिलं. तीच घरघर, जरा मोठी. हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. चिखलीत एकांतात कॅमेरा चालवणारा माणूस, त्यानं प्रोजेक्टर पाहिला होता तो कारखान्यात, पंख्यांच्या आवाजात. तो रंभाला उजव्या भिंतीकडे घेऊन गेला. तिला भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवलं, आपण तिच्या डाव्या हाताला बसला. आता प्रोजेक्टर तिच्या डाव्या अंगाला मागं होता. आपण हे का केलं ते त्यानं स्वतःला स्पष्ट सांगितलं नाही. ती म्हणाली, "इकडं बसलास तर मला तुजं ऐकू येनार न्हाई." "सिनेमा मुका आहे," तो म्हणाला.

'आबा' तिसरा होता. दौलतराव पडद्यावर आले, विहिरीच्या पाण्यानं चूळ भरली, पटका सारखा केला. रंभानं पदराचं टोक तोंडात धरलं. मोटेपाशी आबा हसले तेव्हा तीही हसली, अगदी आवाज करून, आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी मागं वळून पाहिलं. अर्जुनला वाटलं, इथंच संपावं. इथंच वीज जावी. पण नदी आली, वाळू आली, पिंड आला. कावळा उतरला आणि उडाला. उतरला, उडाला. चित्र सुरू व्हायचं आणि पहिल्याच क्षणी कावळ्याचे पंख उघडायचे, प्रत्येक वेळी. तिसऱ्या वेळी रंभाच्या तोंडातला पदर सुटला. पाचव्या वेळी तिनं असं काही केलं की अर्जुन ते मरेपर्यंत विसरणार नव्हता. पडद्यावर आबांचा पिंड असताना तिनं मान उजवीकडे, भिंतीकडे वळवली, पदर कानामागं सारला आणि चांगला कान मागच्या बाजूला धरला, टेबलावरच्या यंत्राकडे. कावळ्याची पुढची दोन उड्डाणं तिनं पाहिलीच नाहीत, नुसती ऐकली. मग ती पुन्हा समोर वळली, कारण पडद्यावर आता ती स्वतः होती, अर्ध्या चेहऱ्यावर ऊन घेतलेली, ओठ हलवणारी. वाक्य संपण्याआधी पडदा पांढरा झाला. यंत्र थांबलं, आणि सभागृहात क्षणभर सामसूम झाली.

मग टाळ्या पडल्या. टाळ्यांत ती समोर बघतच म्हणाली, "दादा, ह्यो आवाज तवाबी व्हता. घाटावं." अर्जुन तिच्या डाव्या बाजूला होता. तो काहीतरी पुटपुटला. ते तिला ऐकू जाणार नव्हतं आणि ते त्याला ठाऊक होतं.

उरलेले दोन लघुपट काय होते ते त्याला आठवत नाही. दिवे लागले. परीक्षकांतले वयस्कर गृहस्थ स्टेजवर आले. तिसरा क्रमांक वाचला, दुसरा वाचला, आणि पहिला म्हणून अर्जुनचं नाव घेतलं. गृहस्थ सज्जन होते, त्यांना भरभरून बोलायची सवय होती. ते म्हणाले, कावळा शिवला की नाही हे न दाखवता या कलावंतानं जो संयम पाळला तो अपूर्व आहे. आणि ही दृश्यं मिळवायला काय सायास पडले असतील ते त्यांच्याच शब्दांत ऐका. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि अर्जावरून वाचलं, "कॅमेऱ्याच्या आवाजाने कावळा सात वेळा उडाला. तरी चिकाटी सोडली नाही." लोक कौतुकानं हसले.

रंभा हसली नाही आणि रडलीही नाही. मांडीवरचे हात तिनं एकमेकांत घट्ट धरले होते. "तुला ठावं व्हतं," ती म्हणाली. विचारत नव्हती. तो उठेना, तेव्हा तिनं त्याच्या बाहीला हात लावला, लहानपणी शाळेला उशीर होई तेव्हा लावायची तसा. "जा. बोलवत्यात तुला."

तो गेला. हातात चांदीचा पेला आला, गळ्यात हार आला. गृहस्थ म्हणाले, दोन शब्द बोला. सभागृह शांत झालं. अर्जुननं भिंतीकडे पाहिलं. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून रंभा बसली होती. पदर तिनं पुन्हा कानामागं सारला होता आणि उजवा कान स्टेजकडे धरला होता. ती थांबली होती. घोटभर पाणी पिण्याइतका वेळ गेला असेल. सांगायचं वाक्य तयार होतं, आठवड्याभरापासून तयार होतं, आणि सगळ्यांदेखत ते बोलला असता तर कुणी त्याचं तोंड धरलं नसतं.

त्यानं मंडळाचे आभार मानले, परीक्षकांचे आभार मानले, कारखान्याचे आभार मानले, आणि तो खाली उतरला.